अबोल वर्ग बोलता करण्यासाठी: महाविद्यालयीन चर्चेत मोबाइल ग्रुपचा वापर कसा करावा

विदर्भातील तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांना हा अनुभव नित्याचा आहे. तास चांगला चाललेला असतो, विद्यार्थी लक्ष देऊन ऐकत असतात, वहीत उतरवूनही घेत असतात, परंतु "यावर तुम्हाला काय वाटते?" असे विचारले की माना खाली जातात. पुढच्या बाकावरचे ठरलेले दोघे-तिघे काहीतरी बोलतात आणि बाकीचा वर्ग त्यांच्याकडे पाहत राहतो. हेच विद्यार्थी तासाभराने बसस्टँडवर एसटीची वाट पाहताना कापसाच्या भावावर, भरतीच्या परीक्षेवर आणि गावच्या ग्रामपंचायतीवर तावातावाने बोलत असतात. तेव्हा त्यांना बोलता येत नाही, हा समज चुकीचा आहे. वर्गात बोलण्याची त्यांना सवय नाही आणि धीरही होत नाही.

त्याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. घरी वऱ्हाडी, झाडीबोली, गोरमाटी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीत चारचौघांत वाक्य पूर्ण करायचे असते, आणि एखादा शब्द गावाकडचा आला तर मागून हसू येईल ही धास्ती त्याच्या मनात असते. मुलींच्या बाबतीत या धास्तीला आणखी पदर असतात. शिवाय आपण शिक्षकही थांबत नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील संवादाचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात आणि लगेच दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना आढळले. हीच वाट तीन सेकंद किंवा त्याहून थोडी अधिक पाहिली, तर उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प असणारे विद्यार्थीही बोलू लागतात. मोबाइलवरील ग्रुपचा खरा उपयोग इथेच आहे, कारण तिथे तीन सेकंदांऐवजी तीन दिवस देता येतात. विद्यार्थी घरी विचार करतो, आईवडिलांना विचारतो, एकदा लिहून पुसतो आणि मग पाठवतो.

मात्र आज जवळपास प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असूनही त्यावर चर्चा होत नाही. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख, शिष्यवृत्तीची सूचना, सुट्टीचे पत्रक आणि सणांच्या शुभेच्छा एवढ्यावरच तो चालतो. सूचनाफलक म्हणून त्याचा उपयोग आहे, पण तो सूचनाफलकच आहे. चर्चेचा ग्रुप वेगळा काढावा लागतो आणि तो वेगळ्या रीतीने चालवावा लागतो. त्यातली सर्वांत महत्त्वाची अट आधीच सांगतो: ग्रुपवर जे बोलले जाईल ते पुढच्या तासाला वर्गात परत आले पाहिजे. ही अट पाळणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी ग्रुप काढण्याचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: वर्गाची पाहणी

ग्रुप काढण्यापूर्वी वर्गात एक पानाचा कागदी फॉर्म भरून घ्यावा. तो ऑनलाइन पाठवू नये, कारण ज्याच्याकडे फोन नाही त्याचीच माहिती आपल्याला हवी असते आणि ऑनलाइन फॉर्ममधून नेमका तोच सुटतो. फोन स्वतःचा आहे की घरचा, घरचा असल्यास तो दिवसातून कोणत्या वेळी हाती येतो, गावात रेंज असते का, नेट पॅक रोज चालू असतो की परीक्षेपुरताच मारला जातो, आणि मराठी टाइप करता येते का, एवढे विचारणे पुरेसे आहे. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवल्यापासून अनेक घरांत एकाच फोनवर नेट चालू ठेवले जाते, हे लक्षात घेऊनच उत्तरे वाचावीत.

या पाहणीतून वर्गाचे चित्र स्पष्ट होते. मेळघाटातील किंवा भामरागड, एटापल्लीकडील कित्येक गावांत घरात रेंज मिळत नाही. तेथील विद्यार्थी महाविद्यालयाच्या गावी आला की त्याचे मेसेज एकदम येतात. काही मुलींच्या घरी फोन भावाच्या हाती असतो. काही विद्यार्थी सकाळचे तास करून दुपारी कामावर जातात आणि रात्री नऊनंतरच मोकळे होतात. प्रश्न कधी टाकायचा आणि उत्तरासाठी किती मुदत द्यायची, हे या माहितीवरून ठरवावे. माझ्या मते आठवड्याला एकच प्रश्न असावा, तो संध्याकाळी आठच्या सुमारास टाकावा आणि उत्तराला किमान तीन दिवस द्यावेत. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी चालू असते तेव्हा ही मुदत आठवडाभराची करावी, कारण त्या दिवसांत अर्धा वर्ग वावरात असतो.

ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी दोन सोयी करता येतात. एकाच बसने येणाऱ्या चार-पाच जणांनी मिळून एक फोन वापरावा आणि प्रत्येक उत्तराखाली लिहिणाऱ्याचे नाव टाकावे. त्यामुळे येता-जाता बसमध्येच त्या प्रश्नावर बोलणे होते. दुसरी सोय म्हणजे ग्रंथालयात एक पेटी ठेवून त्यात कागदावर उत्तर टाकण्याची मुभा द्यावी आणि वर्गप्रतिनिधीने त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकावा. कागदावरचे उत्तर दुय्यम मानले जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी वर्गात सांगावे आणि पहिल्या आठवड्यात मुद्दाम एखाद्या कागदी उत्तरावरच वर्गातील चर्चा सुरू करावी.

दुसरी पायरी: साधन निवडणे

विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आधीपासून असते आणि घरच्यांनाही ते ओळखीचे असते, म्हणून सुरुवात तिथेच करणे सोयीचे ठरते. त्याची मोठी उणीव अशी, की ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाचा नंबर इतर सर्वांना सहसा दिसतो. शंभर जणांच्या वर्गात मुलींचे नंबर असे उघडे पडणे ही किरकोळ बाब नाही; अनेक मुली ग्रुपमध्ये येऊनही एक शब्द लिहीत नाहीत, त्यामागे हेच कारण असते. टेलिग्रामवर नंबर लपवण्याची सोय आहे, वापरकर्ता नावाने वावरता येते आणि कोणी काय मत दिले हे न दिसता मतदान घेता येते. व्हॉट्सॲपच्या मतदानात मात्र मत देणाऱ्याचे नाव सामान्यतः दिसते, त्यामुळे नाजूक विषयावर तिथे मतदान घेऊ नये. फेसबुकच्या ग्रुपमध्ये नाव न दाखवता पोस्ट करता येते, पण ॲडमिनला ते नाव कळते. विद्यार्थ्यांना हे आधी सांगणे आपले कर्तव्य आहे. शिवाय आजचे विद्यार्थी फेसबुककडे फारसे फिरकत नाहीत. इन्स्टाग्रामवर ते असतात, परंतु तिथली रचना फोटो आणि रीलसाठी आहे, पाच-सहा वाक्यांच्या युक्तिवादासाठी नाही.

वर्ग चाळीसच्या आत असेल आणि विद्यार्थी एकमेकांना ओळखत असतील, तर व्हॉट्सॲप चालेल. वर्ग मोठा असेल, किंवा मुलींनी फॉर्ममध्ये नंबरबद्दल नाराजी दाखवली असेल, तर थोडा त्रास घेऊन टेलिग्रामवर जावे. एकाच वेळी दोन ठिकाणी चर्चा चालवू नये. दोन्हीकडे लक्ष राहत नाही.

शंभरच्या वर्गात एकच ग्रुप ठेवला, तर पंधरा जण बोलतील आणि बाकीचे वाचतही नाहीत. अशा वर्गाचे पंधरा-सोळा जणांचे उपगट पाडावेत. ते गावानुसार पाडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. गावात जो मोठ्या घरचा म्हणून बोलतो तोच तिथेही बोलेल, आणि गावात जो गप्प बसतो तो तिथेही गप्प बसेल. निरनिराळ्या गावांचे, निरनिराळ्या बोलींचे आणि शक्य तेवढे मुलगे-मुली मिसळलेले गट करावेत. मात्र कोणत्याही गटात एकटी मुलगी पडणार नाही, याची काळजी घ्यावी.

सेटिंगबद्दल थोडक्यात. नव्या सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश नसावा. आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद ठेवावेत, कारण हीच चर्चा पुढे परीक्षेच्या तयारीला लागते. आठवड्याचा प्रश्न सात दिवसांसाठी पिन करावा. विद्यार्थ्यांना फोटो आणि चित्रफिती आपोआप डाउनलोड होणे बंद करायला वर्गातच शिकवावे, म्हणजे त्यांचा डेटा वाचतो. शिक्षकाबरोबर दोन विद्यार्थी ॲडमिन असावेत आणि त्यांपैकी एक मुलगी असावी.

तिसरी पायरी: संमती आणि नियम

प्रथम वर्षाला येणारे काही विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे; त्यामुळे ग्रुपचा हेतू, ॲडमिन कोण, नंबर कोणाला दिसतील आणि सत्र संपल्यावर ग्रुपचे काय होईल, हे लिहिलेले संमतिपत्र विद्यार्थ्याकडून आणि अशा विद्यार्थ्यांच्या पालकांकडून भरून घेणे योग्य ठरते. पालकांना पत्र गेल्याचा आणखी एक फायदा असा, की मुलगी रात्री फोनवर काय करते हा प्रश्न घरात उठला तर तिच्याकडे महाविद्यालयाचे पत्र असते.

नियम मोजकेच असावेत आणि ते विद्यार्थ्यांबरोबर बसून ठरवावेत. फॉरवर्ड टाकायचे नाही. ग्रुपमधून नंबर घेऊन कोणालाही खासगी मेसेज करायचा नाही. कोणाच्या भाषेला हसायचे नाही. जात, धर्म आणि पक्ष यांवरून कोणाला बोलायचे नाही, मात्र जात, धर्म आणि राजकारण हे विषय अभ्यासक्रमात येतील तेव्हा त्यांवर पुराव्यासह बोलायचे. हा शेवटचा फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासाठी एक पूर्ण तास दिला तरी तो वाया जात नाही.

खासगी मेसेजचा नियम मोडला गेला, तर त्याकडे कानाडोळा करू नये. नको असताना पुन्हा पुन्हा संपर्क करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा होऊ शकतो, आणि महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. समितीतील सदस्यांची नावे आणि संपर्क ग्रुपच्या वर्णनातच लिहून ठेवावा. अशी व्यवस्था आहे हे दिसले, म्हणजे मुलींना लिहायला धीर येतो.

पुष्कळ प्राध्यापकांना ॲडमिन होण्याचीच भीती वाटते. ग्रुपवर कोणी काही टाकले तर पोलीस आपल्याला धरतील, अशी चर्चा स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिलेल्या निकालात, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्या व्यक्तीला जबाबदार धरता येत नाही, असे म्हटले आहे. अर्थात असा मजकूर दिसताच तो सर्वांसाठी काढून टाकणे आणि टाकणाऱ्याशी समोरासमोर बोलणे हे शिक्षकाने करायलाच हवे.

चौथी पायरी: प्रश्न तयार करणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण ग्रुप यशस्वी होणे किंवा न होणे प्रश्नावरच अवलंबून असते. "हमीभाव म्हणजे काय? थोडक्यात लिहा" असा प्रश्न टाकला, तर पहिला विद्यार्थी इंटरनेटवरून व्याख्या उचलून टाकेल आणि दुसऱ्याला लिहिण्यासारखे काही उरणार नाही. एकच बरोबर उत्तर असलेला प्रश्न चर्चेला मारक असतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अशी उत्तरे क्षणात लिहून देतात.

हाच विषय असा विचारून पाहावा: "२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तुमच्या घरी किंवा शेजारी त्या वर्षी सोयाबीन कोणत्या भावाने आणि कोठे विकले गेले, आणि तिथेच का विकले गेले, ते विचारून लिहा." या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे येते. ते इंटरनेटवर सापडत नाही, घरी विचारावे लागते. आणि वर्गातील जो विद्यार्थी पाठ्यपुस्तकात मागे असतो, त्याच्याकडेच या प्रश्नाची सर्वांत पक्की माहिती असते. ज्याला आजवर आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे वाटत होते, त्याच्याकडे वर्ग वळून पाहतो.

इतर विषयांतही हे जमते. राज्यशास्त्रात ग्रामसभेचे अधिकार शिकवताना गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण घ्यावे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. "तुमच्या गावच्या मागील ग्रामसभेला किती माणसे होती, कोणता विषय होता आणि निर्णय कोणी घेतला? मेंढ्यात जे झाले ते तुमच्या गावात होण्यात काय अडचण आहे?" या प्रश्नावर महिनाभर बोलता येईल. रसायनशास्त्र किंवा भूगोल शिकवणाऱ्यांना पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेला भाग, हाताशी आहे. दर्यापूर किंवा तेल्हारा भागातील विद्यार्थ्याला विचारावे, की विहिरीला पाणी असूनही ते पिकाला का देत नाहीत, दिले तर पुढच्या वर्षी जमीन कशी होते, आणि यात सोडियमचा संबंध कोठे येतो. त्याचे आजोबा जे सांगतील आणि पुस्तकात जे लिहिले आहे, त्यांची सांगड घालणे हीच त्या आठवड्याची चर्चा.

प्रश्न लिहून झाल्यावर स्वतःला विचारावे, की या प्रश्नाला दहा विद्यार्थ्यांनी दहा वेगळी आणि तरीही योग्य उत्तरे देणे शक्य आहे का. शक्य नसेल तर प्रश्न बदलावा. आणखी एक खबरदारी अशी, की प्रश्नामुळे कोणाच्या घरची हलाखी चव्हाट्यावर येऊ नये. कर्ज किती आहे, जमीन किती आहे, असे थेट विचारू नये. "घरी किंवा शेजारी" अशी मोकळीक ठेवली की विद्यार्थी स्वतःची गोष्ट शेजाऱ्याची म्हणून सांगू शकतो. ज्यांच्या घरी शेतीच नाही, त्यांनाही उत्तर देता आले पाहिजे.

पाचवी पायरी: आठवडा कसा चालवावा

सोयाबीनचाच प्रश्न धरून पाहू. सोमवारी संध्याकाळी प्रश्न टाकला. बहुधा पहिल्या रात्री काहीच येत नाही. इथे शिक्षकाने धीर धरावा आणि "कोणीच का लिहीत नाही?" असा मेसेज टाकू नये. मंगळवारी एक विद्यार्थिनी लिहिते, की त्यांचे सोयाबीन ४,१०० ने गेले. त्यानंतर एखाद्याचा व्हॉइस मेसेज येतो: "सर, आमचे बाबा माल घेऊन गेल्ते, तं मशीन लावली अन् ओल जास्त हाये म्हून भाव पाडून देल्ला."

हा मेसेज म्हणजे त्या आठवड्याची खरी कमाई आहे, आणि शिक्षकाच्या पुढच्या एका वाक्यावर बरेच काही ठरते. "बरोबर" किंवा "छान" असे लिहिले की चर्चा तिथेच थांबते, कारण गुरुजींनी निकाल दिला. ओलाव्याचा नियम स्वतःच समजावून सांगायला लागलो, तरी ती थांबते. त्याऐवजी दोन विद्यार्थ्यांना एकमेकांशी जोडावे: "तुझ्या बाबांच्या मालाला ओल जास्त निघाली, आणि वर तिने लिहिलेला भावही कमीच आहे, मग हमीभावाने घेणारे सरकारी केंद्र असताना दोघांचेही घरचे व्यापाऱ्याकडे का गेले? दोघांनी घरी विचारून सांगा." आता उत्तरे येतात. केंद्रावर नाव नोंदवून नंबर लागायची वाट पाहावी लागते. बारदाना नसतो. पैसे उशिरा खात्यात येतात आणि दिवाळी तर आलेली असते. कोणी सांगतो, की आमचे वावर मक्त्याने केलेले आहे, सातबारा आमच्या नावावर नाही, मग नोंदणी कशी करणार. कोणी काटापट्टीचा फोटो टाकतो. त्यावरचे नाव झाकून टाकायला आधीच सांगून ठेवावे. एखादा विद्यार्थी बातमी शोधून आणतो, की ओलाव्याची १२ टक्क्यांची मर्यादा त्या हंगामात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, आणि मग ही सवलत जाहीर होण्यापूर्वी माल कोणी विकला आणि नंतर कोणी विकला, यावर वाद सुरू होतो. अर्थशास्त्रातील किमान किंमत, व्यवहार खर्च आणि रोख पैशाची निकड या संकल्पना विद्यार्थ्यांनी नाव न घेता स्वतःच मांडलेल्या असतात.

व्हॉइस मेसेजला मुभा असणे इथे फार मोलाचे आहे. टाइप करताना अडखळणारा विद्यार्थी स्वतःच्या बोलीत एक मिनिट सहज बोलतो, आणि चित्रफितीच्या मानाने आवाजाला डेटा अगदी थोडा लागतो. मर्यादा एका मिनिटाची ठेवावी. बोलीत बोलणाऱ्याला प्रमाण भाषेत पुन्हा बोलायला लावू नये. प्रमाण मराठीचा सराव निबंधात आणि उत्तरपत्रिकेत होतच असतो. कोरकू किंवा गोंडीतला एखादा शब्द आला तर त्याचा अर्थ त्यालाच विचारावा.

शिक्षकाने दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीसेक मिनिटे ग्रुप पाहावा. रात्री अकरा वाजता उत्तर दिले, की विद्यार्थी दररोज रात्री अकराला उत्तराची अपेक्षा करू लागतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकांना या वेळेचा मोबदला मिळत नाही, ही गोष्ट महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाने गांभीर्याने घ्यायला हवी. ग्रुपवरील काम कार्यभारात धरले जाणार नसेल, तर ते काम करण्याची सक्ती कोणावरही होऊ नये.

सहावी पायरी: चर्चा वर्गात आणणे

शुक्रवारच्या तासाला ग्रुपवरील तीन-चार उत्तरे घेऊन वर्गात जावे. शक्यतो छापील कागदावर किंवा फळ्यावर लिहून ती मांडावीत, कारण ज्यांनी ग्रुप पाहिलेला नाही त्यांनाही सहभागी व्हायचे आहे. ज्यांची उत्तरे घ्यायची त्यांना आदल्या दिवशी विचारावे, की नाव सांगितले तर चालेल का. मग तास असा सुरू करावा: "मक्त्याच्या वावराचा मुद्दा ग्रुपवर आला होता. ज्याने मांडला, त्याने तो वर्गाला दोन वाक्यांत सांगावा." एकदा लिहिलेली गोष्ट तोंडाने सांगणे हे नव्याने मत मांडण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. जे वाक्य घरी बसून जमवले, तेच तो उभा राहून म्हणतो, आणि वर्ग हसत नाही, कारण वर्गाने ते आधीच वाचलेले असते. सत्राच्या मध्यापर्यंत असे विद्यार्थी कागद न घेता बोलू लागतात.

त्यानंतर शिक्षकाने आपले काम करावे. विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या गोष्टींना फळ्यावर संकल्पनांची नावे द्यावीत, पाठ्यपुस्तकातील पान दाखवावे आणि जिथे विद्यार्थ्यांची माहिती चुकीची होती तिथे ती स्पष्टपणे दुरुस्त करावी. ही दुरुस्ती ग्रुपवर करण्यापेक्षा वर्गात करणे चांगले. ग्रुपवरची दुरुस्ती लिखित स्वरूपात राहते आणि चुकणाऱ्याला ती दिवसेंदिवस दिसत राहते. उरलेल्या वादातूनच पुढच्या सोमवारचा प्रश्न काढावा. हे चक्र तीन-चार आठवडे न चुकता चालले, म्हणजे विद्यार्थ्यांची खात्री पटते, की आपण लिहिलेले कोणीतरी वाचते.

गुण द्यावेत का?

अंतर्गत मूल्यमापनात या सहभागाला थोडे गुण देता येतात, पण मेसेजच्या संख्येवर गुण कदापि देऊ नयेत. तसे केले, की "मी सहमत आहे" आणि अंगठ्याची चित्रे यांनी ग्रुप भरून जातो. सत्राच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःची सर्वांत चांगली वाटणारी दोन उत्तरे निवडून द्यावीत, आणि त्या चर्चेत दुसऱ्या कोणाच्या म्हणण्यामुळे आपले मत बदलले का, ते अर्ध्या पानात लिहावे. या लिखाणावर गुण द्यावेत. ते कागदावर असल्यामुळे फोन नसलेला विद्यार्थी मागे पडत नाही, आणि उत्तरे त्याच्या गावाची असल्यामुळे उसनी आणणेही अवघड जाते.

अडचणी

ग्रुपवर भांडण झाले तर काही काळ फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील अशी सेटिंग करावी आणि तो विषय पुढच्या तासाला समोरासमोर घ्यावा. लेखी भांडण लेखी मिटत नाही. निवडणुकीच्या काळात हे अधिक घडते, म्हणून त्या आठवड्यांत प्रश्न पक्षांपेक्षा प्रक्रियेवर ठेवावेत.

कोणी फॉरवर्ड टाकलेच, तर ते काढून टाकण्याआधी एकदा त्याचा अभ्यासासाठी उपयोग करून घेता येतो: ही बातमी कोणी, केव्हा आणि कोठे दिली, हे शोधून काढण्याचे काम टाकणाऱ्यालाच द्यावे. मजकूर द्वेष पसरवणारा असेल तर मात्र असा प्रयोग करू नये, तो ताबडतोब काढावा.

वर्गातील जवळपास तिसरा हिस्सा कधीच लिहिणार नाही. त्यांच्यावर सक्ती करू नये. ते वाचत असतात, आणि वर्गात कोण काय बोलले याकडे त्यांचे लक्ष असते, हे त्यांच्या उत्तरपत्रिकांतून दिसते. मात्र एखादी विद्यार्थिनी आधी लिहीत होती आणि अचानक गप्प झाली, तर तिला एकटीला, दुसऱ्या शिक्षिकेच्या उपस्थितीत, काही त्रास आहे का असे विचारावे.

सत्र संपताना

हिवाळी परीक्षेच्या दोन आठवडे आधी नवे प्रश्न टाकणे थांबवावे. फोटो, आवाज आणि चित्रफिती वगळून चॅट फाइलमध्ये उतरवून (एक्सपोर्ट करून) त्यातील निवडक चर्चा प्रश्नांनुसार लावाव्यात, नावे व नंबर काढून टाकावेत आणि त्याची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. परीक्षेची तयारी करताना विद्यार्थ्यांना ती नोट्सइतकीच उपयोगी पडते. पुढच्या वर्षी त्याच विषयाच्या वर्गाला हे जुने मुद्दे दाखवून "यंदा काय बदलले?" असे विचारता येते. निकालानंतर, संमतिपत्रात लिहिल्याप्रमाणे, सर्व सदस्यांना ग्रुपमधून काढून तो बंद करावा आणि नव्या सत्रासाठी नवा फॉर्म भरून घ्यावा, कारण मधल्या काळात कोणाचा नंबर बदललेला असतो, कोणाच्या घरी दुसरा फोन आलेला असतो आणि कोणाच्या हातून फोन गेलेलाही असतो.